हात खाली, हनुवटी पुढे

३० नोव्हेंबर, रविवार
ऐतिहासिक दिवस. तळेगावच्या ओपन कराटे स्पर्धेत आमच्या क्लासला गोल्ड. क्लास काढल्यापासूनचं पहिलं. विजेता पवन. त्या गटात दोनच खेळाडू होते, पण हे कुणाला सांगायची गरज नाही.

पवनला एकही पॉइंट मिळालेला नव्हता. समोरचा पोरगा सहा पॉइंटने पुढे होता आणि त्याच जोशात त्याने पवनच्या तोंडावर ठेवून दिली. रेफ्रीने लगेच त्या पोराला बाद केलं. जोरात मारल्याबद्दल! पवनचा ओठ इडलीएवढा सुजला, गळ्यात गोल्ड. पेढा त्याला खाता येईना, म्हणून त्याच्या वाटचे मी खाल्ले.

येताना गाडीत विचार करत बसलो आणि अंगावर काटा आला. कराटेत जो जोरात मारतो तो हरतो. ज्याला लागतं तो जिंकतो. जपानपासून तळेगावपर्यंत हजारो सेन्सेई, म्हणजे कराटेचे गुरू, होऊन गेले, पण एकाच्याही लक्षात आलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार
योग बघा. आजच मावळ विभागीय क्रीडा महोत्सवाची नोटीस आली. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि यंदा पहिल्यांदाच कराटे. १८ जानेवारी, लोणावळा. एकोणीस वर्षांखालील मुली, ५३ किलोच्या आत. म्हणजे माझी लेक मानसी.

विजेती थेट विभागाच्या टीममध्ये जाणार. टीमचं जॅकेट मिळतं, पाठीवर नाव छापलेलं. मानसी नऊ वर्षांची असल्यापासून त्या जॅकेटसाठी झुरतेय. आता अकरावीला आहे. पुढच्या वर्षी बारावी, तेव्हा कराटे बंद, असं यशोधराने बजावून ठेवलंय. बायको आरोग्य सेविका आहे, त्यामुळे घरातसुद्धा डोस दिल्यासारखी बोलते. थोडक्यात, जे काय व्हायचं ते यंदाच.

उद्यापासून पाच वाजता उठणार. दोघं बापलेक पळणार. वडापाव बंद. लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात काउंटरवर असतो, तिथला उरलेला केकही बंद.

२ डिसेंबर, मंगळवार
धुकं फार होतं. मानसी एकटीच पळून आली. मी प्लॅनिंग केलं.

३ डिसेंबर, बुधवार
हॉटेलच्या प्रिंटरवर नियमांचं पुस्तक छापून घेतलं. इंग्रजीत आहे. जोरात लागलं तर मारणारा बाद, हे वाक्य सापडलं. खाली दोनदा लाल रेघ मारली. त्यानंतर डोळा लागला. पुढची पानं रेफ्रींसाठी असावीत.

मानसीला प्लॅन सांगितला. तू मारायचं नाहीस, मार घ्यायचा. नेमका तोंडावर. तिने विचारलं, बाबा, मीच आधी मारून पॉइंट घेतले तर? मी म्हणालो, हाच तो लोभ. आजवर भले भले त्यात बुडाले. तिने मान डोलावली. पोरगी गुणी आहे, फक्त डोकं जरा साधं आहे, आईवर गेलीय.

यशोधराला योग्य वेळी सांगू. म्हणजे जिंकल्यावर.

६ डिसेंबर, शनिवार
पहाटे आई, यशोधरा आणि मानसी दादरला चैत्यभूमीवर गेल्या. मला सुट्टी मिळाली नाही, वीकेंडला लोणावळ्यात हॉटेल फुल्ल. ट्रेनिंगचा एक दिवस बुडाला असं मनात आलं. असलं लिहू नये. लिहिलं गेलं.

७ डिसेंबर, रविवार
विहाराच्या हॉलमध्ये पहिलं खास ट्रेनिंग. बाकीची मुलं गेल्यावर. पोझिशन मीच शोधून काढली: हात खाली, हनुवटी पुढे, डोळे उघडे. डोळे मिटले तर रेफ्रीला संशय येतो.

मी मुठीला टॉवेल गुंडाळून मारत होतो. अडचण अशी की मानसीचे हात आपोआप वर येतात. वर्षानुवर्षांची वाईट सवय. (कुणी लावली? मीच. तेव्हा मला थिअरी सुचली नव्हती.) आणि हात वर आला की त्याच्या मागोमाग तिचा पंचही आपोआप येतो. एक माझ्या ओठावर आला. आला कधी ते दिसलंच नाही. म्हणजे मी मुद्दाम येऊ दिला, तिचा स्पीड बघायला.

यशोधराने बर्फ लावला. म्हणाली, पोरगी एवढं झकास मारते, तर तुम्ही तिला काय शिकवताय? आपलेच दात, आपलेच ओठ. ओठ सुजल्यामुळे मला बोलताच येत नव्हतं.

१० डिसेंबर, बुधवार
नवीन पद्धत. सवय मोडायची तर दिवसभर मोडली पाहिजे. आता मी केव्हाही, कुठेही अचानक तोंडाकडे हात नेतो. ती चहा गाळताना, वेणी घालताना, अभ्यासाला बसल्यावर. हात वर आले की रागावतो. हात खाली गेले की शाबासकी देतो. सायन्स आहे यात.

आईने बघितलं. आई मूळची तिकोणा पेठेची. तिकडून इकडे येऊन तीस वर्षं झाली तरी बोली सुटली नाही. म्हणाली, बाजीराव, पोरीला मार द्याया शिकीव. खायाला कशापायी शिकवतुयास? त्ये शिकवाया लागत न्हाई. तुजा बाप हुता तवर मी रोजच शिकत हुते.

आई नेहमी विषय सोडून बोलते.

१४ डिसेंबर, रविवार
प्रगती. दहातल्या सहा वेळा हात खाली. एकदा भरलेल्या कपासकट खाली गेले, पायावर चहा सांडला, पण ती जागची हलली नाही. मी टाळ्या वाजवल्या. यशोधराने विचारलं, हात वर करायचे सोडून ही खाली का करते? मी म्हणालो, जपानी कन्सेप्ट आहे. तिने पायाला मलम लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कंपाउंडर आहे आणि चुकीची गोळी दिलीय.

१८ डिसेंबर, गुरुवार
लोणावळ्यात कोचेसची मीटिंग. जीनत आली होती. जीनत शेख म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. दहावीनंतर क्लास सोडला, पुण्याला जाऊन कसल्या कसल्या परीक्षा दिल्या आणि आता लोणावळ्यात हिचा स्वतःचा क्लास. म्हणे साठ मुलं. आमच्याकडे अकरा. पण साठ मेंढरांपेक्षा अकरा वाघ बरे. (पवनचा भाऊ धरला तर बारा, पण तो फक्त त्याला न्यायला येतो.)

अजून मला सर म्हणते, पाया पडली. मला राहवलं नाही, थिअरी थोडी सांगून टाकली. ती ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, सर, असं नका करू. गार्ड मुद्दाम सोडला तर पेनल्टी आपल्यालाच बसते. पुस्तकात पुढच्याच पानावर दिलंय. आणि जास्त लागून मुलगी पुढे खेळू शकली नाही, तर सरळ हार. मानसीसारखा पंच माझ्या साठ मुलांत एकाचाही नाही, तिला खेळू द्या.

घाबरली! तिची विद्यार्थिनी रुपाली मानसीच्याच गटात आहे. वर असंही म्हणाली, की मानसीला रविवारी आमच्याकडे प्रॅक्टिसला पाठवा, फी नको. म्हणजे थिअरी चोरायची. मी म्हणालो, बघू. ही एक भारी गोष्ट आहे, बघू म्हटलं की विषय संपतो.

२८ डिसेंबर, रविवार
हॉटेलात वाईट प्रसंग. वाईट म्हणजे शिकण्यासारखा. चेकआउटच्या गर्दीत एक गेस्ट काउंटरवर आला, सकाळी गरम पाणी नव्हतं म्हणून ओरडू लागला. मी स्मितहास्य केलं. त्याने माझ्या कानाखाली वाजवली. सगळ्या लॉबीसमोर, चिक्कीची पाकिटं हातात घेतलेल्या बायकापोरांसमोर.

मी ब्लॅक बेल्ट आहे. (पनवेल, दोन दिवसांचं निवासी शिबिर.) मनात आणलं असतं तर त्याचं काय झालं असतं! पण मी थिअरी वापरली. हात खाली, हनुवटी पुढे. म्हटलं, आता मारणारा बाद होणार. मॅनेजर आला, सगळं ऐकून घेतलं आणि मला गेस्टची माफी मागायला लावली. गेस्टला चिक्कीचा मोठा बॉक्स फ्री.

हॉटेलात रेफ्री नसतो, हा थिअरीचा दोष नाही.

घरी सांगितलं नाही. गालाबद्दल विचारलं तर दाढ म्हणालो. यशोधराने तोंडात टॉर्च मारून बघितलं आणि दाढ चांगली आहे म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

१ जानेवारी, गुरुवार
घरचे कोरेगावला. मी एकतीसच्या ड्युटीतून थेट झोपलो. नवीन वर्षाचे संकल्प: वडापाव पूर्ण बंद. पाचला उठणे. नियमांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचणे. आवाज न चढवणे.

२ जानेवारी, शुक्रवार
अशक्तपणा वाटत होता, स्टेशनवर दोन वडापाव घेतले. पुस्तक सापडत नाही. बहुतेक आईने चुलीत घातलं. मानसी उठत नव्हती म्हणून आवाज चढवला. नंतर कळलं, ती केव्हाच पळून आली होती आणि परत पडली होती.

४ जानेवारी, रविवार
हात आता पूर्ण तयार. मी फक्त "हात!" म्हणून ओरडतो, की तिचे दोन्ही हात खटकन खाली आणि चेहरा पुढे. न चुकता. स्पर्धेत कोचच्या खुर्चीवरून हाच इशारा.

आज पूर्ण वेगाने टेस्ट घ्यायची होती, म्हणून पवनला उभं केलं. पवन मूठ आवळून उभा राहिला. मी ओरडलो. मानसीचे हात पडले. पवनने मूठ उगारली आणि तशीच धरून ठेवली. म्हणाला, सर, मला न्हाय जमणार. ती बगतीया माझ्याकडं. मी म्हणालो, अरे बघणारच, डोळे उघडे ठेवायला मीच सांगितलंय. त्याने बेल्ट सोडला, घडी करून माझ्या हातात दिला आणि निघून गेला.

पवनमध्ये किलर इन्स्टिंक्ट नाही. त्याचं गोल्ड निव्वळ नशिबाने आलं होतं. दहा वाघ.

११ जानेवारी, रविवार
जेवताना मानसीने विचारलं, बाबा, नाक मोडलं तर? मी म्हणालो, नाक पंधरा दिवसांत जुळतं, जॅकेट जन्मभर राहतं. वाक्य इतकं छान जमलं की लगेच इथे लिहून ठेवतोय. यशोधरा तेव्हा मोरीत होती.

मानसी भात चिवडत राहिली. मग म्हणाली, तुम्ही म्हणता ना, बाबा, मग ठीक आहे.

याला म्हणतात शिस्त. आजकालच्या मुलांत सापडणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार
वजन झालं. मानसी बरोब्बर गटात. माझंही केलं गंमत म्हणून, त्या काट्यात दोष आहे.

ड्रॉ आला. पहिल्या फेरीत मानसीला बाय, म्हणजे न लढताच पुढे. चिडलो. न लढता मार कसा खाणार? आयोजकांना सांगितलं, आम्हाला बाय नको. त्यांना वाटलं मी मस्करी करतोय.

१८ जानेवारी, रविवार
सकाळ. लोणावळा. शाळेच्या हॉलमध्ये कराटे, बाहेर मैदानावर कबड्डी. एकच लाउडस्पीकर, तोही कबड्डीवाल्यांकडे. आमच्या मॅट वेळेवर आल्या नाहीत, कुस्तीवाल्यांकडून मागून आणल्या, त्यांना तेलाचा वास. आई तिकोणा पेठेच्या दोन बायकांना घेऊन पहिल्या रांगेत. यशोधराने सुट्टी काढली. जीनतने मानसीला मिठी मारली. डावपेच.

दुपार. सेमीफायनल. घोर निराशा. समोर कामशेतची मुलगी, भित्री. मानसी हात खाली घेऊन उभी, मी "हात! हात!" ओरडतोय, आणि ती बया मारायलाच येईना! नुसती गोल गोल फिरते. आपली तयारी समोरचा अशी पाण्यात घालतो. शेवटी मानसीला कंटाळा आला असावा, तिने चार पंच आणि एक लाथ, सहा-शून्य, फायनलमध्ये. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आई ओरडली, हाण गं माज्या वाघिनी. मी मानसीला कोपऱ्यात घेऊन झापलं. ठरलं होतं काय आणि तू केलंस काय? ती घामाघूम होती, हसत होती. मी बोलायला लागल्यावर हसायची थांबली. सॉरी म्हणाली.

संध्याकाळ. फायनल. समोर जीनतची रुपाली. उंच, हात लांब, मनासारखी. मानसी लाल, ती निळी. पण मानसीने पुन्हा तेच! सुरुवातीलाच दोन पॉइंट, मग आणखी दोन. चार-शून्य. वेळ जवळजवळ संपत आली. रुपाली बेभान होऊन घुसायला लागली. मी विचार केला, हीच वेळ. चार-शून्यचं जिंकणं साधं असतं, कुणी लक्षात ठेवत नाही. समोरची बाद होऊन जिंकलो तर थिअरी सिद्ध होते, तालुकाभर नाव होतं.

मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो. हात!

मानसीचे हात खाली गेले. चेहरा पुढे. रुपालीची मूठ नेमकी नाकावर.

बाहेर त्याच वेळी कबड्डीचा निकाल लागला आणि सगळं मैदान ओरडलं. मला वाटलं आमच्यासाठी. मी दोन्ही हात वर करून गोल्ड गोल्ड करत मॅटवर धावलो. रेफ्रीने मला लाल कार्ड दाखवून हॉलबाहेर काढलं. पुढचं खिडकीतून बघितलं.

कोपऱ्यातले जज एकत्र आले. मग लाउडस्पीकर मागून आणून सांगण्यात आलं, की लाल खेळाडूने स्वतःच्या बचावाकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं म्हणून तिलाच ताकीद. निळ्या खेळाडूवर दोष नाही. मानसी उठली. रक्त थांबेना. डॉक्टरांनी कापूस बदलून बदलून बघितला. मानसी मान हलवत राहिली, मी खेळते म्हणून. पुढे असूनही तिला खेळू दिलं नाही. विजेती निळी.

खिडकी उंच होती, मी चपलांच्या स्टँडवर उभा होतो. यशोधरा मॅटच्या कडेला गुडघ्यांवर बसून मानसीचं डोकं धरून होती. तिने वर बघितलं. मी खिडकीत आहे हे तिला कळलं. मी हात हलवला. का हलवला, माहीत नाही.

१९ जानेवारी, सोमवार
नाकाचं हाड मोडलंय. जुळेल, डॉक्टर म्हणाले. मी आधीच म्हटलं होतं.

सिल्व्हरही मौल्यवान धातू आहे. व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं: क्लासची रौप्य भरारी. मानसीच्या फोटोत पट्टी दिसत होती म्हणून फक्त मेडलचा ठेवला. सत्तावीस जणांनी बघितलं. अभिनंदन दोघांनीच केलं. एक हॉटेलचा वॉचमन, दुसरा माझाच जुना नंबर, जो आई वापरते. तिला बटण दाबता येत नाही, म्हणजे चुकून दाबलं गेलं असणार.

रेफ्री पुण्याचे होते. नाचता येईना, अंगण वाकडं.

२२ जानेवारी, गुरुवार
यशोधरा बोलत नाही. डबा देते. डब्यात काय आहे तेसुद्धा सांगत नाही.

मानसीशी बोलायला गेलो. म्हटलं, बेटा, नशीब. रुपालीचा पंच इतका फास्ट होता की तुला दिसलाच नसेल.

ती म्हणाली, दिसला होता, बाबा. येताना पूर्ण दिसला. थांबवून वर एक पॉइंट घेता आला असता.

मी विचारलं, मग?

म्हणाली, तुम्ही ओरडलात ना.

रागाने नाही म्हणाली. मी तिला पाणी मागितल्यावर ती ज्या आवाजात "देते" म्हणते, त्याच आवाजात. राग आला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदनानंतर विहार कमिटीचे अंबाजी आबा भेटले. म्हणाले, बाजीराव, हॉलमदी पोरांची अभ्यासिका काढायचं ठरलंय. तुजी तीन-चारच पोरं उरल्यात, ती कुटंबी उड्या मारतील. मी म्हणालो, आबा, पिकतं तिथे विकत नाही. ते म्हणाले, व्हय, खरं हाय, पर आमी आयकलं ते येगळंच. तू तुज्याच पोरीचं नाक फोडून घेतलंस म्हनं.

गावात अफवा लवकर पसरतात. टेक्निकल बाजू कुणाला समजत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
यशोधराने परस्पर ठरवलं. मानसी आता जीनतकडे जाणार. बारावीतही जाणार, पुढच्या वर्षी पुन्हा खेळणार. बारावीला कराटे बंद म्हणणारी हीच बाई! मी म्हणालो, मला विचारलं नाहीस. ती म्हणाली, नाही.

सोडायला मीच जातो. स्कूटर माझी आहे. पालकांना आत बसू देत नाहीत. मी बाहेर चिक्कीच्या दुकानाच्या पायरीवर बसतो आणि बाहेरून लक्ष ठेवतो. एक प्रकारे मेंटॉरच.

८ मार्च, रविवार
जीनतने बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. वाटलं, गेस्ट म्हणून एखादं लेक्चर देता का असं विचारणार. तयारी होती माझी.

म्हणाली, सर, एक मदत हवीय. मानसीचं बाकी सगळं उत्तम आहे, पण तोंडाकडे काहीही आलं की तिचे हात खाली जातात. नुसतं पॅड उचललं तरी. महिना होत आला, मी सगळं करून बघितलं. तिला कळतं, रडते, पुन्हा तेच होतं. तुम्ही नेमकं कसं शिकवलं होतं ते सांगाल का, म्हणजे उलटं करून बघता येईल.

मी तिला सगळं सांगितलं. टॉवेल, चहा, वेणी, अभ्यास, शाबासकी. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मी सांगून झाल्यावर ती म्हणाली, बरं सर, आणि आत गेली. या वेळी पाया पडली नाही.

माझ्या हातून आजवर कुणी काही शिकून टिकवलं नव्हतं. हे टिकलं.

१० मार्च, मंगळवार
थंडी गेली. सकाळी गोधड्या माळ्यावर टाकायला घेतल्या. मानसी समोर उभी राहून दप्तरात वह्या भरत होती. मी गोधडी घेऊन हात वर केला.

तिचे दोन्ही हात खाली गेले. वह्या पडल्या. चेहरा पुढे, डोळे उघडे. नाक अजून थोडं वाकडं आहे, ते अगदी जवळून दिसलं. ती तशीच उभी राहिली, माझी वाट बघत.

मी म्हणालो, अगं, गोधडी टाकतोय.

ती सॉरी बाबा म्हणाली आणि खाली बसून वह्या गोळा करायला लागली. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी गोधडी तिथेच कॉटवर ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो. साडेआठची लोकल चुकली.